विसावा मतदार

तिखी लुहे
३ मार्च

लाव्रिन,

आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग पुढचं वाच. मतपेटी कुठे आहे?

दोन पेट्या होत्या. दोन्ही पारदर्शक, झाकणाला खाच, बाजूला देशाची मुद्रा. मागच्या निवडणुकीनंतर मी केंद्राची अध्यक्ष म्हणून शेवटची सही केली आणि तू सचिव म्हणून क्लबच्या कपाटाला कुलूप लावलंस. काल कपाट उघडलं तर एकच पेटी, तीही झाकणाशिवाय. दुसरीच्या जागी तुझे जुने रबरी बूट. बुटांना खाच नाही, मुद्राही नाही, त्यामुळे ते चालणार नाहीत.

पेटी कशाला हवी ते सांगते. जिल्ह्याहून परिपत्रक आलंय, चौदा कलमांचं. पहिलं कलम असं की युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्षाची निवडणूक घ्यायला कायद्याने बंदी आहे. दुसरं असं की उद्या घ्यावीच लागली तर जमेल का, हे बघायला २६ एप्रिलला सराव निवडणूक घ्यावी. म्हणजे जी व्हायची नाही तिची रंगीत तालीम. चाळीस वर्षं भूगोल शिकवला मी. नकाशावर नसलेल्या गावाचा रस्ता सांगायची वेळ कधी आली नव्हती, ती आता आली.

खरे उमेदवार लावायचे नाहीत, पक्ष नकोत, जिवंत माणसांची नावं नकोत. पक्ष्यांची घ्या, म्हणतात. आम्ही समितीने तीन नावं ठरवली: करकोचा, बदक, कोंबडा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण बारावं कलम आहे. हजर मतदार वीसपेक्षा कमी भरले तर केंद्र बंद, आणि गाव 'वस्ती नसलेलं' म्हणून नोंदलं जाणार. वस्ती नसलेल्या गावाला पावाची गाडी येत नाही, नर्स येत नाही, टपाल येत नाही. मोबाइलचा मनोरा गेल्या एप्रिलपासून आडवा पडलाय, त्यात ही उलानाची गुरुवारची टपालगाडी गेली की आपण बहीणभाऊ एकमेकांना फक्त स्वप्नात दिसणार.

आणि आम्ही आहोत एकोणीस. पाच वेळा मोजलं. झाखारआजोबांना दोनदा धरलं तर वीस होतात, पण तसं चालत नाही.

फौजेतला माणूस गावात धरता येतो म्हणे, त्याने अर्जावर सही केली तर. अर्ज आला की पाठवते.

तुझं घर जागेवर आहे. काळजी करू नकोस. पायमोजे पाठवलेत, राखाडी तुझे, हिरवे ज्याला हवेत त्याला दे.

पारास्काताई

—

(ठिकाण लिहायला परवानगी नाही)
१३ मार्च

ताई,

पेटी माझ्याकडे आहे. ओरडू नकोस, आजूबाजूला लोक आहेत.

फौजेत जाताना सामान भरायला काही सापडेना, म्हणून नेली. आता ती आमच्या खंदकातली सगळ्यात मौल्यवान वस्तू आहे. आम्ही तिच्यात पाव ठेवतो. इथले उंदीर मांजराएवढे. लाकडी खोकी त्यांनी खाल्ली, दोन पिशव्या खाल्ल्या, सार्जंटचा पट्टा अर्धा खाल्ला. पण मतपेटीपुढे हरले. रोज संध्याकाळी ओळीने बसतात आणि आतल्या पावाकडे बघतात. सार्जंट म्हणतो, "यालाच म्हणतात पारदर्शक कारभार. दिसतं सगळं, मिळत काही नाही."

पेटी परत मागितलीस हे मी मुलांना सांगितलं. आठजण आहेत. आठही जणांनी विरोधात मत दिलं, हात वर करून. तेव्हा तू मेलानियाकडून लोणच्याची तीन लिटरची बरणी घे. तीही पारदर्शकच असते.

निवडणुकीत मी कोंबड्याच्या बाजूने. सकाळी उठवतो, हा एक तरी पुरावा आहे त्याच्या कामाचा. बदकाने आजवर काय केलंय?

घराचं नीट लिही. 'जागेवर आहे' हे काय उत्तर झालं? घर कुठे जाणार? उत्तरेच्या कोपऱ्यात छप्पर गळत होतं, तिथे बादली ठेवलीस का? आठवड्यातून एकदा चूल पेटवत जा, नाही तर भिंती ओल धरतील. अर्ज पाठव, सही करतो. माझ्यामुळे गाव वस्तीचं ठरणार असेल तर तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे.

हिरवे पायमोजे सार्जंटने घेतले. तुला नमस्कार सांगतोय.

लाव्रिन

—

तिखी लुहे
२१ मार्च

लाव्रिन,

सरकारी मतपेटीत पाव! तुझ्या सार्जंटला माझा नमस्कार सांगू नकोस.

बरणीचं विचारलं. जिल्ह्याहून निरीक्षक आली होती, स्निझाना नावाची. चोवीस वर्षांची मुलगी. अंगात गोळीरोधक जाकीट, ते गुडघ्यापर्यंत, हातात फाइल. बरणी बघून म्हणाली, "बाई, हिला मोहोर कुठे लावणार?" मेलानिया म्हणाली, "झाकणाला. मी चाळीस वर्षं लोणची घालते, माझ्या झाकणातून हवा जात नाही, मत कुठून जाईल?" स्निझानाने फाइलीत बघितलं आणि म्हणाली की बरणीबद्दल कलम नाही. कलम नाही म्हणजे मनाई नाही, असं मेलानियाचं म्हणणं. कलम नाही म्हणजे बरणीच नाही, असं स्निझानाचं. पेटी पाठव.

इकडे प्रचार पेटलाय. मला वाटलं होतं, पक्ष्यांची नावं घेतली म्हणजे भांडणं होणार नाहीत. पहिल्याच बैठकीत ओदार्का उभी राहिली आणि म्हणाली, "करकोचा? दर ऑगस्टमध्ये देश सोडून पळतो तो! लढाई चालू असताना पळपुटा राष्ट्राध्यक्ष हवाय का तुम्हाला?"

झाखारआजोबा एरवी बैठकीत झोपतात. ते काठी आपटून उठले. म्हणाले, "माझी लेक पोलंडात आहे. नातवंडं तिथे शाळेत जातात. ती पळपुटी काय गं?"

"मी तुमच्या लेकीचं नाव घेतलं का?"

"करकोच्याचं घेतलंस! करकोचा परत येतो. दर मार्चला त्याच खांबावर परत येतो. तुझं बदक कुठे जात नाही, कारण त्याला उडताच येत नाही!"

ओदार्काचे दोन्ही मुलगे जर्मनीत. ती रडायला लागली, मग फेओदोसी, आपला घंटा वाजवणारा, म्हणाला की आपण सगळे कोंबड्याला मत देऊ आणि विषय मिटवू. त्यावर दोघंही त्याच्या अंगावर गेले. आता गावात तीन तट आहेत. प्रत्येकी सहा. एकोणिसावी मी, आणि मी अध्यक्ष म्हणून तटस्थ आहे. मला रस्त्यात अडवून विचारतात, "बाई, खरं सांगा, कोण?" मी भाजीपाल्याचं बोलते.

विचार कर लाव्रिन, वर ड्रोन घिरट्या घालतंय आणि खाली मेलानिया कुंपणाला खडूने लिहितेय: 'बदक: इथेच आहे, इथेच राहील.'

घराचं काय लिहू? बादलीची गरज नाही. तिथे आता गळत नाही.

अर्ज आला नाही अजून.

पारास्काताई

—

२ एप्रिल

ताई,

अक्षर वाईट आलंय, हात गारठलेत. आडवं पडून लिहितोय, तेही एक कारण.

आमची जागा बदलली. आता बरीच शांत जागा मिळाली आहे. भिंती पांढऱ्या, छप्पर पक्कं, उंदीर नाहीत. दिवसातून तीन वेळा गरम जेवण, तेही आणून देतात. चालण्याचं काम जवळजवळ नाहीच. तू मला एवढ्या आरामात पाहिलं असतंस तर दोन शब्द नक्की सुनावले असतेस.

पेटी उलानाच्या गाडीने पाठवलीय. मुलांनी स्वतःहून दिली. फेरमतदान झालं म्हण हवं तर.

मे महिन्यात मला थोडे दिवस घरी येता येईल असं दिसतंय. थोडे म्हणजे बरेच. तेव्हा घर उघडून ठेव, गाद्या उन्हात टाक. पुढच्या दाराच्या पायऱ्या किती आहेत गं? तीन की चार? आठवेना. उगीच विचारतोय.

लाव्रिन

—

तिखी लुहे
१४ एप्रिल

लाव्रिन,

ख्रिस्त उठला आहे! ईस्टरचा गोड पाव, आपला पास्का, पाठवलाय, वरची साखर गाडीत सांडली असेल तर उलानाला विचार, तिच्या ओठांना लागलेली मी पाहिली.

तर तुला मुख्यालयात घेतलं! मला एका वाचनात कळलं. पांढऱ्या भिंती, आणून दिलेलं जेवण, चालणं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला खंदकात ठेवण्यापेक्षा टेबलाशी बसवावं, हे कुणाला तरी सुचलं म्हणायचं. मी गावभर सांगितलं. मेलानिया म्हणते, "लाव्रिन साहेब झाला, आता आपल्याला ओळख देणार नाही." जाड होऊ नकोस. थोडं चालत जा.

पेटी पोचली. पण तिचं काय केलंत तुम्ही लोकांनी? एका अंगाला अकरा भोकं आहेत! खिळे ठोकलेत का हवा खेळायला? स्निझानाने प्रत्येक भोक फूटपट्टीने मोजलं. मतपत्रिका घडी घालून टाकली तर बाहेर येऊ शकते का, याचा प्रयोग झाला. नवव्या भोकातून आली. शेवटी सगळ्यांवर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर समितीच्या सह्या घेतल्या. आता पेटी आजारी माणसासारखी दिसते.

तुझा अर्ज सोबत आहे. वरचा अर्धा भाग तू भरायचास: आत्ता कुठे आहेस, मतदानाला मदत लागेल का, वगैरे. खालचा भाग गावाच्या पत्त्याबद्दल आहे, तो स्निझानाने स्वतः फिरून भरलाय. तो कार्यालयीन आहे. तो वाचायची तुला गरज नाही. वरचं भर, सही कर, घडी घाल, पाठव. खालचं वाचू नकोस.

पारास्काताई

—

२० एप्रिल

ताई,

तू खालचं वाचू नकोस म्हणालीस. म्हणून मी आधी खालचं वाचलं.

'पत्ता: साद्रोवा रस्ता, क्रमांक ९. निवासस्थानाची स्थिती: अस्तित्वात नाही. दिनांक: ९ फेब्रुवारी.' आणि मुलीने वळणदार अक्षरात शेरा मारलाय: 'चूल उभी आहे.'

नऊ फेब्रुवारी! त्यानंतर तू मला तीन पत्रं लिहिलीस. 'बादलीची गरज नाही. तिथे आता गळत नाही.' हे लिहिताना तुझा हात थांबला नाही का गं? छप्परच नाही तर गळणार काय!

भांडायला मला तोंड नाही, हे मला माहीत आहे. आता तू वरचं वाच. कार्यालयाला खोटं लिहिता येत नाही म्हणून खरं लिहिलंय. 'सध्याचा पत्ता: लष्करी रुग्णालय, पोल्तावा, तिसरा मजला. मतदानास मदत लागेल का: होय. कारण: उजवा पाय गुडघ्याखाली नाही.'

अठरा मार्चला गेला. तुझं बदकाचं पत्र मी इथे वाचलं, शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी. इतका हसलो की नर्सने टाके बघितले. पेटीला भोकं कुणी पाडली विचारतेस, तर ज्याने मला पाडलं त्यानेच. स्फोट झाला तेव्हा गाडीतून पाव नेत होतो, पेटी मांडीवर होती. डॉक्टर म्हणाला, पोटात एकही तुकडा गेला नाही हे नवल आहे. मी म्हटलं, साहेब, अकरा मतं विरोधात पडली, ती पेटीतच राहिली.

अर्जावर मी सही केलेली नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात आहे: घर अस्तित्वात नसेल तर मतदार आहे तिथेच धरला जाईल. म्हणजे मी पोल्तावाचा, तिसऱ्या मजल्याचा. तू माझं नाव यादीतून काढ. नऊ नंबरच नाही, तर मी कुठला तिखी लुहेचा?

पास्का छान होता. वॉर्डात सहाजणांना पुरला. साखर नव्हती.

लाव्रिन

—

तिखी लुहे
२८ एप्रिल

लाव्रिन,

तुझं पत्र गुरुवारी आलं आणि रविवारी निवडणूक होती. मधले दिवस मी काय केलं ते सांगत नाही. ओदार्का रोज सूप घेऊन आली, यावरून काय ते समज.

मी 'घर जागेवर आहे' असं लिहिलं होतं. जागा आहे. मी खोटं बोलले नाही. असो. बोलले. तू खंदकात होतास, लाव्रिन. तिथे माणसाला परत येण्यासारखं काही तरी डोळ्यापुढे लागतं. एक पत्र खरं लिहायला बसले होते, तर 'चूल' हा शब्द आला आणि पुढे सरकेना. नऊ तारखेला सकाळी पडलं. घरात कोणी नव्हतं, मांजर आदल्या दिवशीच माझ्याकडे आलं होतं, त्याला काय कळलं देव जाणे. सफरचंदाची दोन झाडं गेली, विहिरीजवळचं राहिलं. मी दर शनिवारी जाऊन चुलीवरचा पत्रा सारखा करते, पाऊस लागू नये म्हणून. कशासाठी करते, हे मला विचारू नकोस.

आणि मी गावभर सांगत सुटले की भाऊ मुख्यालयात टेबलाशी बसलाय. जाड होऊ नकोस म्हणाले तुला. थोडं चालत जा म्हणाले.

आता निवडणुकीचं ऐक, दुसरं काही लिहिता येत नाहीये.

आठ वाजता मी मतदान सुरू झाल्याचं जाहीर केलं. आठ वाजून चार मिनिटांनी भोंगा झाला. नियम असा की भोंगा झाला की मतदान थांबवायचं, खाचेवर कागद चिकटवायचा, सह्या करायच्या आणि पेटीसह तळघरात जायचं. भोंगा संपला की वर यायचं, सह्या तपासायच्या, कागद काढायचा. त्याला अकरा मिनिटं लागतात. पहिल्यांदा वर आलो, कागद काढला, आणि पुन्हा भोंगा. असं दुपारपर्यंत सात वेळा. सात वेळा आम्ही एकोणीसजण ती चिकटपट्ट्या लावलेली पेटी घेऊन खाली गेलो आणि वर आलो, आणि पेटी रिकामीच!

तिसऱ्या फेरीला फेओदोसी म्हणाला, "तळघरातच का नाही घेत मतदान?"

स्निझाना म्हणाली, "तळघर हे मतदान केंद्र म्हणून नोंदलेलं नाही."

"मग वर कोण येतंय तपासायला?"

ती बिचारी फाइल छातीशी धरून म्हणाली, "मी." आणि रडकुंडीला आली. मेलानियाने तिला लोणचं दिलं, त्याच बरणीतलं.

झाखारआजोबांना सातव्या वेळी वर येववेना. ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "मी इथूनच करकोच्याला मत देतो." सगळे ओरडले, "गुप्त! गुप्त मतदान!" तर म्हणाले, "एक्याण्णव वर्षांचा आहे. मी काय लपवून ठेवू आणि कशासाठी?" शेवटी फेओदोसीने त्यांना पाठीवर घेतलं. फेओदोसी कोंबड्याच्या तटातला, तरी नेलं. पडद्यापर्यंत नेऊन सोडलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

साडेपाचला सगळी मतं पडली. पूर्ण दिवसात मतदान चाललं पन्नास मिनिटं. मोजणी झाली. करकोचा सहा, बदक सहा, कोंबडा सहा. एक मतपत्रिका बाद. तिच्यावर कुणी तरी मागे-पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं की आपल्या गल्लीतली विजेची तार नोव्हेंबरपासून लोंबकळते आहे आणि राष्ट्राध्यक्ष कोणीही होवो, ती आधी उचला. अक्षर मी ओळखलं. माझंच होतं. अध्यक्षाने तटस्थ राहायचं म्हटल्यावर दुसरं काय करणार?

बरोबरी झाली म्हणून २४ मेला दुसरी फेरी. आणि मतदार एकोणीसच भरले म्हणून शेरा पडलाय: दुसऱ्या फेरीत वीस न भरल्यास बारावं कलम.

तेव्हा ऐक. फौजेचा अर्ज गेला खड्ड्यात. तू सुटणार आहेस ना? साधा मतदार म्हणून ये. स्वतः हजर राहून. माझ्या घरी.

पारास्काताई

—

पोल्तावा
५ मे

ताई,

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. आता वॉर्डात पण तीन तट झालेत. शेजारच्या खाटेवरचा तोफखान्याचा पोरगा बदकाचा कट्टर. त्याचे दोन्ही हात बँडेजमध्ये, पण प्रचार तोंडाने करतो.

माझं येण्याचं म्हणतेस, तर नाही येत. रागावलो म्हणून नाही. चुलीवरचा पत्रा सारखा करतेस हे वाचलं तेव्हाच राग गेला.

पण ताई, मी येऊन करणार काय? मी गावचा वायरमन होतो. खांबावर चढणारा माणूस. तुमच्या गल्लीतली तार लोंबकळतेय म्हणतेस. मी खिडकीत बसून तिच्याकडे बघायचं का रोज, त्या उंदरांसारखं? तुझ्या दाराला पायऱ्या आहेत, संडास बागेच्या टोकाला आहे, विहीर त्याच्यापुढे. तू त्रेसष्टची. मला उचलणार आहेस? फेओदोसी झाखारआजोबांना नेतो तेवढं पुरे झालं त्याला.

इथे शहरात अशा लोकांसाठी एक वसतिगृह आहे. लिफ्ट आहे. वीज असेल तेव्हा चालतेही. पायाच्या मापासाठी जुलैत बोलावलंय. इथेच राहीन म्हणतो.

विसावा दुसरा कोणी शोध. पलीकडच्या गावातून एखादी म्हातारी आणता येणार नाही का?

लाव्रिन

—

तिखी लुहे
१२ मे

लाव्रिन,

म्हाताऱ्या आणता येत नाहीत. तेरावं कलम आहे.

परिस्थिती फार बिकट आहे. सगळं तुझ्यावर येऊन थांबलंय. सहा-सहा-सहा, लाव्रिन! तुझं मत ज्याला पडेल तो राष्ट्राध्यक्ष. ओदार्का आणि झाखारआजोबा तुझ्याबद्दल आतापासूनच गोड बोलायला लागलेत. स्निझाना रोज विचारते, "विसावा मतदार येतोय ना?" तू आला नाहीस तर २५ तारखेला केंद्र बंद, पावाची गाडी बंद, आणि या एकोणीस माणसांना सामान बांधून कुठल्या तरी शाळेच्या जिमखान्यात जावं लागेल. आजोबा तिथे आठवडा काढणार नाहीत. हे सगळं तुझ्या मनाला पटत असेल तर खुशाल रहा तुझ्या लिफ्टमध्ये.

पायऱ्यांचं म्हणतेस. नव्हे, म्हणतोस, बघ, घाईत कसं लिहितेय. पायऱ्या काढल्या. मेलानिया, फेओदोसी आणि मी, दोन दिवस लागले. आता दारापर्यंत फळ्यांचा उतार आहे. मांजर त्यावरच झोपतं. संडास घरामागे हलवतोय. खड्डा ओदार्काने खणला, तोंडाने सारखी बदकाचा प्रचार करत. पाणी मी आणते, तू लहान होतास तेव्हाही मीच आणत होते.

तारेचं म्हणशील तर फेओदोसी खांबावर चढायला तयार आहे, पण त्याला निळी कुठली आणि तपकिरी कुठली हे कळत नाही. खालून ओरडायला कोणी तरी हवं. घंटा वाजवणारा माणूस आहे तो, हाताखाली नीट शिकेल किंवा मरेल. तू खाली असशील तर शिकेल.

नवीन पत्त्यासाठी दुसरा अर्ज भरलाय. त्यात रकाना असा आहे: 'मतदार या घरात कोण? मालक / भाडेकरू / पाहुणा.' भाऊ असा पर्यायच नाही. मी स्निझानाला विचारलं, ती म्हणाली, "बाई, कलमात जेवढं आहे तेवढंच." बराच वेळ पेन हातात धरून बसले होते. मग 'मालक' वर खूण केली. माझ्या नावापुढेही तीच आहे. एका घरात दोन मालक चालतात का, हे तिने विचारायच्या आत मी मोहोर मारली.

२४ तारीख. उशीर करू नकोस.

पारास्काताई

—

पोल्तावा
१७ मे

ताई,

आमच्या मजल्यावर जेवणाच्या तक्त्याशेजारी एक सूचनाफलक आहे. त्यावर गेल्या शनिवारपासून, म्हणजे ९ तारखेपासून, एक कागद लावलाय. हे रुग्णालयही मतदान केंद्र आहे ना. कागद शब्दाला शब्द उतरवतो:

'सराव निवडणुकीची दुसरी फेरी रद्द करण्यात येत आहे. बाराव्या कलमात छपाईची चूक झाली असून "वीस" ऐवजी "दोन" असे वाचावे. सर्व केंद्राध्यक्षांना आज रोजी समक्ष कळवण्यात आले आहे.'

तुझ्या पत्रावर बारा तारीख आहे.

समक्ष कळवलंय, ताई. म्हणजे स्निझाना तुझ्या दारात उभी राहून हे सांगून गेली, आणि त्यानंतर तीन दिवसांनी तू बसून मला लिहिलंस की परिस्थिती फार बिकट आहे. आजोबांना जिमखान्यात घातलंस. तेरावं कलमही तूच रचलं असणार.

मी ते पत्र वॉर्डात वाचून दाखवलं नाही. दोनदा स्वतःशीच वाचलं. मग तोफखान्याच्या पोराने विचारलं, "काका, काय झालं? कोण जिंकलं?" मी म्हटलं, अजून मोजणी चालू आहे.

वसतिगृहाचा कागद मी सही न करता परत दिला. कचेरीतल्या बाई म्हणाल्या, कारण लिहा. लिहिलं: 'मतदानासाठी गावी जात आहे.' त्यांनी फलकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

उलानाशी बोलणं झालंय. ती इथून टपाल उचलते तेव्हा मलाही उचलणार. मागे पोत्यांवर जागा आहे, कुबड्या छताला बांधू म्हणते. गुरुवारी, २१ तारखेला, दुपारपर्यंत पोचेन. हे पत्र मात्र निवडणूक कार्यालयाच्या गाडीने आधीच पाठवतोय. फेओदोसीला सांग, मी येईपर्यंत खांबाला हात लावायचा नाही. निळी कुठली आणि तपकिरी कुठली ते मी सांगेन, आणि तू मधे बोलायचं नाहीस.

या पत्राचं उत्तर लिहू नकोस. लिहिलंस तर मी ज्या गाडीतून उतरेन त्याच गाडीत ते चढेल, आणि मी दारात उभा असताना तुझं पत्र मला शोधत पोल्तावाला जाईल.

लाव्रिन